दुधाचा दर कुणाला विचारायचा? ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची सोपी ओळख

कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की गोव्यात घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो: मुलाला कॉम्प्युटरला घालू का? हल्ली त्याला जोडून दुसरा येतो: कोड आता एआय लिहून देतो म्हणतात, मग मुलाने शिकायचे काय? प्रवेश मिळालेली मुले वर्षभराने भेटतात तेव्हा त्यांची अडचण वेगळीच असते. "सर, क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं पाठ केलं, मार्कही पडले. पण याचं करायचं काय?"

या तिन्ही प्रश्नांचे माझे उत्तर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध सोसायटीत सापडते.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्या सोसायटीसाठी मी एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहून दिला होता. सकाळी आणि संध्याकाळी सभासद कॅन घेऊन येतात. दूध मोजले जाते, थोडा नमुना यंत्रात जातो आणि दोन आकडे येतात: फॅट, म्हणजे स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात उरणारा घन भाग. या दोन आकड्यांवरून दरपत्रकात लिटरचा दर सापडतो. दर गुणिले लिटर, की चिठ्ठी तयार. दहा दिवसांच्या चिठ्ठ्यांचे मिळून बिल निघते, त्यातून पशुखाद्याची उचल वजा होते.

जुलैची सकाळ होती, पत्र्यावर पाऊस कोसळत होता. एका काकीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दहा दिवसांच्या वीस चिठ्ठ्या काढल्या, टेबलावर एकीखाली एक लावल्या, शेजारी बिल ठेवले आणि मला विचारले, "बाबू, यातला खरा आकडा कुठला?" चिठ्ठ्यांची बेरीज बिलापेक्षा 90 रुपयांनी जास्त होती. दूध 60 लिटर. लिटरमागे दीड रुपया कुठेतरी गळला होता.

दर दीड रुपयाने वाढला होता, आणि तो मी बदललाही होता. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये दरपत्रक तीन ठिकाणी लिहिलेले होते: चिठ्ठी छापणाऱ्या बटणाच्या कोडमध्ये, बिल काढणाऱ्या कोडमध्ये आणि महिन्याच्या अहवालात. मी एका ठिकाणी बदलले, दोन ठिकाणी विसरलो. गुणाकार तिन्हीकडे बरोबर होता. दर कुणाला विचारायचा, हेच मुळात ठरलेले नव्हते. काकीचे 90 रुपये त्याच दिवशी देण्यात आले, इतर सभासदांचे हिशेब निस्तरायला आठवडा गेला. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे आपापली माहिती आणि काम सांभाळणाऱ्या घटकांतून प्रोग्रॅम उभा करण्याची पद्धत, कशासाठी असते हे मला पुस्तकातून कळले नव्हते, ते त्या आठवड्यात कळले.

## क्लास आणि ऑब्जेक्ट

सोसायटीत बघा. वजनकाट्याशी एक जण असतो, यंत्राशी एक, पैशांच्या पेटीशी एक. प्रत्येकाकडे आपापली वही आणि आपापले काम. पेटीवाल्याला दूध तपासता येत नसले तरी चालते, तो यंत्रावरच्या माणसाला आकडा विचारतो. आपली माहिती आपल्याजवळ ठेवणारा आणि त्या माहितीचे काम स्वतः करणारा असा प्रोग्रॅममधला एकेक घटक म्हणजे ऑब्जेक्ट. त्याला येणाऱ्या कामांना मेथड म्हणतात. आणि अशा घटकाजवळ कोणती माहिती असेल, त्याला कोणती कामे येतील, याचे लिहून ठेवलेले वर्णन म्हणजे क्लास. 'दूधनोंद' हा क्लास एकदाच लिहायचा. आज सकाळी काकीने घातलेले तीन लिटर ही त्या क्लासची एक ऑब्जेक्ट, संध्याकाळचे तीन लिटर ही दुसरी.

मराठीत मांडले तर ते साधारण असे दिसेल:

क्लास दूधनोंद
    माहिती: सभासद, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ
    काम रक्कम(दरपत्रक):
        दर = दरपत्रक.दर_सांग(फॅट, एसएनएफ, तारीख)
        उत्तर: लिटर × दर

शेवटून दुसरी ओळ नीट पाहा. दूधनोंदीला दर माहीत नाही. ती दरपत्रकाला विचारते. चिठ्ठी, बिल आणि अहवाल तिघेही दूधनोंदीला रक्कम विचारतात आणि दूधनोंद दरपत्रकाला. दर बदलला की बदल एकाच जागी. माझी चूक या रचनेत करायची म्हटली तरी करता आली नसती.

(जाता जाता: पायथॉन 3 आणि जावा या दोन्हींत क्लासला आणि मेथडला देवनागरी नावे देता येतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजी राहतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी सुरुवातीला हे जरूर करून पाहावे. डोक्यातला विचार आणि पडद्यावरची नावे एक झाली की भीती निम्मी होते.)

ही कल्पना आजकालची नाही. नॉर्वेतल्या ओस्लो इथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी 1960च्या दशकात गुंतागुंतीच्या व्यवहारांचे संगणकावर अनुकरण करण्यासाठी सिम्युला नावाची भाषा बनवली. क्लास आणि ऑब्जेक्ट तिथले, सिम्युला 67 मधले. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ॲलन के आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली, आणि 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' हा शब्दही के यांचाच. नंतर त्यांनी खंत व्यक्त केली की 'ऑब्जेक्ट' या शब्दामुळे लोकांचे लक्ष भलतीकडे गेले. खरी मोठी कल्पना आहे ती घटकांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची. मला हे फार पटते. परीक्षेसाठी आपण ऑब्जेक्टची व्याख्या पाठ करतो, पण प्रोग्रॅम उभा राहतो तो कोण कुणाला काय विचारतो यावर. त्यानंतर 1985 मध्ये सी प्लस प्लस बाजारात आली, 1995 मध्ये जावा आली, आणि 2000 नंतर सी शार्प. गोव्यातल्या कॉलेजांत आज मुले याच घराण्यातले काहीतरी शिकत असतात.

## पोदेराला भट्टीचे कुणी विचारत नाही

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, आपण दारात जातो, चार उंडे मागतो. भट्टीत लाकूड किती घातले, पीठ कधी मळले, हे आपण विचारत नाही. उद्या त्याने भट्टी बदलली तरी आपल्याला पत्ता लागणार नाही. मागायची पद्धत तीच राहते.

ऑब्जेक्टने आतले आत ठेवावे आणि बाहेर फक्त मागणीचे दार ठेवावे, याला एन्कॅप्स्युलेशन म्हणतात. जावा आणि सी शार्पमध्ये आतल्या माहितीवर 'प्रायव्हेट' अशी पाटी लावता येते आणि भाषाच बाहेरच्यांना अडवते. पायथॉनमध्ये नावाआधी अधोरेषा देण्याचा संकेत आहे, तो माणसांनी पाळायचा.

इथे मुले एक गोष्ट हटकून करतात. सगळी माहिती प्रायव्हेट करतात आणि मग प्रत्येक माहितीसाठी एक वाचायची आणि एक बदलायची मेथड लिहून मोकळी होतात. दाराला कुलूप घालून किल्ली बाहेर खिळ्याला टांगावी, तसे हे झाले. दूधनोंदीत फॅटचा आकडा एकदा नोंदला की तो कुणालाही येताजाता बदलता येता कामा नये. दुरुस्ती करायचीच असेल तर 'दुरुस्ती_कर' असे वेगळे काम हवे, आणि त्याने कारण, कुणी केली आणि कधी केली, हे विचारलेच पाहिजे. सोसायटीच्या वहीतही खाडाखोड केली की बाजूला सही लागते.

## गाय, म्हैस आणि सचिव

गायीच्या दुधाचे दरपत्रक वेगळे, म्हशीचे वेगळे. नवशिका प्रोग्रॅमर बिलात लिहितो: गाय असेल तर हे, म्हैस असेल तर ते. मग अहवालातही तेच लिहितो, चिठ्ठीतही तेच. त्याऐवजी 'गायदरपत्रक' आणि 'म्हैसदरपत्रक' असे दोन क्लास करायचे. दोघांनाही 'दर_सांग' हे काम येते. दूधनोंदीला समोर कोण आहे याच्याशी कर्तव्य नाही, ती फक्त दर विचारते. विचारणे एक, उत्तर ज्याचे त्याचे. यालाच पॉलिमॉर्फिझम म्हणतात. शब्द ऐकून मुलांना घाम फुटतो, पण कल्पना एवढीच. उद्या तिसऱ्या प्रकारचे दरपत्रक आले तर तिसरा क्लास लिहायचा आणि बिलाच्या कोडला हातही लावायचा नाही.

इनहेरिटन्सबद्दल मात्र मी थोडा कडक आहे. एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घ्यावेत, अशी ही सोय. पुस्तकांत प्राणी, त्यातून कुत्रा आणि मांजर अशी उदाहरणे असतात आणि ती मुलांच्या मनात इतकी रुजतात की जिथे तिथे वारसा दिसू लागतो. सोसायटीचेच घ्या. सचिव हा सभासद असतो, म्हणून 'सचिव' हा क्लास 'सभासद' या क्लासचा वारस करायचा, हे पहिल्या नजरेला बरोबर वाटते. पण सचिवाची मुदत संपते. निवडणूक होते, नवा सचिव येतो, जुना पुन्हा साधा सभासद होतो. जावा किंवा सी शार्पमध्ये एकदा जन्मलेल्या ऑब्जेक्टला क्लास बदलता येत नाही. म्हणजे जुन्या सचिवाची ऑब्जेक्ट मोडून नवी करावी लागणार, त्याच्या दुधाच्या नोंदी तिकडे हलवाव्या लागणार. सभासदाकडे 'पद' नावाची वेगळी ऑब्जेक्ट असावी, तिला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असावी, म्हणजे प्रश्न मिटतो. माणूस तोच, खुर्ची येते नि जाते.

'हा तो आहे' आणि 'याच्याजवळ ते आहे' यांतला फरक ओळखायला शिकणे, हे मला वाटते या विषयातले निम्मे शहाणपण आहे. शंका आली की दुसरे निवडावे.

## मामलेदार कचेरीची खिडकी

आतापर्यंत एकेका घटकाचे झाले. हीच शिस्त सबंध प्रोग्रॅमला लावली की 'मल्टिटियर' म्हणजे अनेक थरांची रचना तयार होते.

मामलेदार कचेरीत दाखला काढायला जाता तेव्हा तुमची गाठ खिडकीशी असते. खिडकीवरचा माणूस अर्ज घेतो, कागद पुरे आहेत का बघतो. आत कारकून असतो, त्याला नियम माहीत असतात: कुणाला दाखला द्यायचा, कुणाला नाही. त्याच्याही मागे दफ्तर असते, गठ्ठे बांधून ठेवलेले. दफ्तरवाला नियमांत पडत नाही, सांगितलेला गठ्ठा काढतो आणि परत जागेवर ठेवतो. अर्जदार थेट दफ्तरात शिरून कागद ओढू लागला तर काय होईल ते सांगायला नको.

सॉफ्टवेअरमध्ये खिडकी म्हणजे पडदा: डेस्कटॉपवरची विंडो, ब्राउझरमधले पान किंवा फोनवरचे ॲप. कारकून म्हणजे मधला थर, त्यात व्यवहाराचे नियम राहतात. आपल्या दूधनोंदी, दरपत्रके, बिले इथली. दफ्तर म्हणजे डेटाबेस. हे तीन भाग एकाच यंत्रावर, पण कोडमध्ये वेगळे ठेवले तर त्यांना लेयर म्हणतात. वेगवेगळ्या यंत्रांवर किंवा वेगळ्या प्रक्रियांत चालवले तर टियर. आधी लेयर नीट जमले तरच टियर सुटे करता येतात, म्हणून शिकणाऱ्याने लेयरवर जीव ओतावा.

जमिनीचा एक-चौदाचा उतारा पूर्वी कचेरीत खेपा घालून मिळायचा, आता घरबसल्या संगणकावर बघता येतो. लोकांना वाटते सगळेच बदलले. बदलली ती मुख्यतः खिडकी. सर्व्हे नंबर, कब्जेदाराचे नाव, फेरफाराचा नियम या गोष्टी वेबसाइट आली म्हणून वेगळ्या झाल्या नाहीत. थर वेगळे ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच: पडदे दर पाच-सात वर्षांनी बदलतात, नियम त्याहून सावकाश आणि दफ्तर सगळ्यांत सावकाश. जे वेगवेगळ्या गतीने बदलते ते एकत्र बांधू नये. माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये दर बटणात लिहिलेला होता, म्हणजे कारकून खिडकीच्या काचेवर चिकटवलेला होता.

पडदा आणि आतले काम सुटे करण्याचा विचारही जुनाच आहे. 1979 मध्ये त्याच पार्क केंद्रात असताना त्रिग्वे रेन्सकाउग यांनी मॉडेल (आतली माहिती आणि नियम), व्ह्यू (पडदा) आणि कंट्रोलर (वापरणाऱ्याची मागणी घेणारा) अशी विभागणी मांडली. तेही नॉर्वेचेच. आजच्या बहुतेक वेब फ्रेमवर्कांत, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांत, ती या ना त्या रूपात भेटते.

## फोनवर बोट टेकल्यापासून

समजा काकीचा मुलगा पणजीत नोकरीला आहे आणि आईचे बिल फोनवर बघतो. बोट टेकले की ब्राउझर सर्व्हरला मागणी पाठवतो: बिल क्रमांक 145 दाखव. सर्व्हरवर पहिली गाठ पडते ती कंट्रोलरची, म्हणजे खिडकीवरच्या माणसाची. तो मागणी वाचतो आणि मधल्या थराला निरोप देतो. मधला थर आधी विचारतो: हा माणूस कोण, आणि 145 क्रमांकाचे बिल बघायचा याला अधिकार आहे का? मग दफ्तराकडे नोंदी मागतो, त्यांच्या ऑब्जेक्ट तयार होतात, रक्कम निघते, उत्तर उलट वाटेने फोनवर जाते. हे सारे एका सेकंदाच्या आत.

अधिकाराचा तो प्रश्न विचारायचा राहिला तर काय होते? मुलगा गंमत म्हणून पत्त्यातला 145 खोडून 146 टाकतो आणि शेजाऱ्याचे बिल उघडते. हा दोष अजिबात काल्पनिक नाही. वेबवरच्या सर्वांत सर्रास आढळणाऱ्या सुरक्षा दोषांपैकी तो एक आहे.

दुसरी जागा आकडे भरण्याची. पडद्यावर तपासणी ठेवलेली असते: फॅट शून्याखाली नको, लिटर रिकामे नको. ती असावी, त्याने चूक चटकन कळते. पण ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो आणि त्यातली तपासणी त्याला बंद करता येते. म्हणून तीच तपासणी मधल्या थरात पुन्हा हवी. पडद्यावरची तपासणी सोयीसाठी, आतली भरवशासाठी.

तिसरी जागा डेटाबेसशी बोलण्याची. सभासदाचे नाव जसेच्या तसे चिकटवून डेटाबेसचा हुकूम तयार केला, तर नावाच्या जागी कुणी खोडसाळ हुकूमच लिहून पाठवू शकतो आणि डेटाबेस तो इमानेइतबारे पाळतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय सोपा आणि जुना आहे: हुकूम वेगळा पाठवायचा, माहिती वेगळी. वापरातल्या बहुतेक भाषांत तशी सोय आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती न वापरलेली दिसली की मला वाईट वाटते, कारण दोन ओळींचे काम असते.

## डेस्कटॉप आणि वेब यांत खरा फरक कुठे

डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये विंडो उघडी असेपर्यंत ऑब्जेक्ट स्मृतीत जिवंत राहतात. वेबवर तसे नसते. प्रत्येक मागणी नवी. सर्व्हर उत्तर देतो आणि मागचे विसरतो. ओळख पटवणारी खूण प्रत्येक वेळी सोबत न्यावी लागते आणि ऑब्जेक्ट दफ्तरातून पुन्हा उभ्या कराव्या लागतात. शिवाय एकाच वेळी अनेक जण तेच बिल उघडू शकतात. सचिवाने उघडले, लेखनिकाने उघडले, दोघांनी वेगवेगळी दुरुस्ती केली, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचे टिकते आणि पहिल्याचे गुपचूप पुसले जाते. म्हणून नोंदीला आवृत्ती क्रमांक देतात. तुम्ही उघडलेली आवृत्ती 7 होती आणि सेव्ह करताना दफ्तरात 8 सापडली, तर प्रोग्रॅम थांबतो आणि सांगतो की मध्ये कुणीतरी बदल केला आहे.

डेस्कटॉप मागे पडला, असेही समजू नये. पावसाळ्यात डोंगराकडच्या गावांत नेटवर्क जाते तेव्हा दुधाची रांग थांबून राहत नाही. चिठ्ठी छापणारा डेस्कटॉप प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर नोंदी साठवतो आणि नेट आले की मधल्या सर्व्हरला देतो. सभासद फोनवर बिल बघतात. दोन खिडक्या, पण दुधाचा दर दोघांना सांगणारे दरपत्रक एकच.

वीज जाण्याचेही तसेच. बिल नोंदले गेले आणि पशुखाद्याची उचल वजा व्हायच्या आत दिवे गेले, तर? डेटाबेसला आधीच सांगून ठेवता येते की ही दोन कामे मिळून एक व्यवहार आहे: झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. त्याची सुरुवात आणि शेवट कुठे, हे मधल्या थराने ठरवायचे असते, कारण कुठली दोन कामे एकत्र जातात हे फक्त त्यालाच कळते.

## तक्ते आणि ऑब्जेक्ट यांचे पटत नाही

डेटाबेसमध्ये सगळे तक्त्यांत असते, ओळी आणि रकाने. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये ही मांडणी सुचवली, ती अजून भक्कम उभी आहे. ऑब्जेक्टांचे जग वेगळे: सभासदाकडे नोंदी, नोंदीकडे तारीख, एकातून दुसरी. या दोहोंची सांगड घालणारी तयार साधने मिळतात, त्यांना ओआरएम म्हणतात. जावात हायबरनेट, सी शार्प जिथे चालते त्या डॉटनेटमध्ये एंटिटी फ्रेमवर्क.

साधन चांगले, पण त्याच्या पोटात काय चालते ते बघायची सवय हवी. 200 सभासदांची यादी मागितली, मग यादीतल्या एकेकाच्या नोंदी मागितल्या, तर डेटाबेसकडे 201 खेपा होतात. घरच्या लॅपटॉपवर पाच सभासदांवर चाचणी करताना काही जाणवत नाही. बिलाच्या दिवशी पडदा गोठतो आणि सचिव फोन करतो. सगळ्यांच्या नोंदी मिळून एक-दोन खेपांत मागवता येतात, पण खेपा मोजल्याशिवाय हे सुचत नाही.

## "एवढ्याशा कामाला एवढा पसारा?"

ही शंका रास्त आहे. एकदाच वापरून टाकून द्यायच्या प्रोग्रॅमला थर लागत नाहीत. चाळीस ओळी लिहाव्या, काम करून घ्यावे. काही मुले चार पडद्यांच्या प्रकल्पाला चाळीस क्लास करतात, तेही चुकीचेच. माझी कसोटी साधी आहे: हा नियम बदलणार आहे का, आणि तो एकाहून जास्त ठिकाणी लागणार आहे का? दोन्हींचे उत्तर हो असेल तर त्याला स्वतःचे घर द्यावे. दुधाचा दर त्यात पहिला बसतो.

ऑब्जेक्टची पद्धत जुनी झाली, आता फंक्शनल पद्धत आली, असेही म्हणतात. फंक्शनल पद्धतीत माहिती शक्यतो बदलायची नाही, जुनीवरून नवी तयार करायची. ही सवय ऑब्जेक्टवाल्यांनीही घ्यावी अशीच आहे, आणि जावा, सी शार्प यांनी त्यातल्या पुष्कळ सोयी आपल्यात घेतल्याही आहेत. एकदा छापलेली चिठ्ठी बदलत नाही. दर बदलला तर जुना दर खोडायचा नाही, लागू होण्याच्या तारखेसह नवा दर जोडायचा. म्हणूनच वरच्या कोडमध्ये दरपत्रकाला तारीखही सांगितली आहे.

## "एआय लिहून देतो की"

देतो, आणि चांगला देतो. मीही वापरतो. त्याला 'दूध सोसायटीचा बिल काढणारा प्रोग्रॅम लिही' म्हणा, काही सेकंदांत शेकडो ओळी मिळतील. त्यांत दर दोन ठिकाणी लिहिलेला असेल, किंवा पैशांचा हिशेब साध्या दशांश आकड्यांत केलेला असेल. संगणक असे आकडे द्विमान, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या, पद्धतीत साठवतो, त्यामुळे पायथॉनला 0.1 अधिक 0.2 विचारले तर 0.30000000000000004 असे उत्तर येते. एका बिलात हे दिसत नाही, वर्षाच्या ताळेबंदात पैसे जुळत नाहीत आणि हिशेब तपासनीस सोडत नाही. उपाय म्हणजे अचूक दशांशाचा प्रकार वापरणे: जावात बिगडेसिमल, सी शार्प आणि पायथॉनमध्ये डेसिमल. त्याभोवती 'रक्कम' नावाचा छोटा क्लास करून पैशांचे अपूर्णांक कुठे पूर्ण करायचे हा नियम तिथेच ठेवायचा.

हे सांगावे लागते, आणि सांगण्यासाठी आधी माहीत असावे लागते. गवंडी कितीही भराभर भिंत बांधणारा मिळाला, तरी न्हाणीघराचे पाणी कुठे जाणार हे घरमालकाला किंवा इंजिनियरला ठरवावेच लागते. टायपिंगचे कष्ट एआयने कमी केले. कोणता नियम कुठे राहील, कोण कुणाला विचारेल, ही ठरवाठरव मात्र सोसायटीत जाऊन, सचिवाशी बोलून, चिठ्ठ्या हातात घेऊनच होते.

## सुरुवात कुठून करावी

भाषेवरून भांडू नका. कॉलेजात जी शिकवतात ती घ्या. आपल्या आजूबाजूचा एक खरा व्यवहार निवडा: घरच्या काजूच्या बागायतीचा हिशेब, देवस्थानची पावतीवही, वाचनालयाची देवघेव, भावाची दुचाकी भाड्याने देण्याची नोंद. आधी कागदावर नावे लिहा, कोणाजवळ काय माहिती आणि कोण कुणाला काय विचारतो ते बाणांनी दाखवा. दोन दिवस संगणक उघडूच नका.

मग मधला थर लिहा, पडद्याशिवाय. पडदा नसताना चालतो का, हे चाचण्या लिहून बघा: तीन लिटर, दर 40 रुपये, उत्तर 120 आले पाहिजे, दर 41.50 झाला त्या तारखेनंतरच्या नोंदीला 124.50 आणि आदल्या दिवशीच्या नोंदीला 120च. मग डेटाबेस जोडा. त्यानंतर डेस्कटॉपची विंडो करा. आणि शेवटी, मधल्या थराची एकही ओळ न बदलता, त्याच कामाचे वेबपान करा. बहुतेकांना पहिल्या खेपेला मधल्या थरात काहीतरी बदलावेच लागते, कारण नकळत एखादा नियम विंडोत राहून गेलेला असतो. तो शोधून आत आणताना तुम्हाला जे कळेल ते वर्गातल्या व्याख्यांतून कळत नाही.

सोसायटीचा प्रोग्रॅम मी नंतर याच क्रमाने पुन्हा लिहिला. पुढच्या दरवाढीला एकच ओळ भरावी लागली: नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख. दहा दिवसांनी बिले निघाली तेव्हा मी मुद्दाम सकाळी तिथे गेलो. काकीने पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या, बोट ठेवत बेरीज केली, बिलाशी ताडून पाहिली, आणि सगळे कागद पुन्हा पिशवीत घालून कॅन उचलून निघाली.